आईच्या नावाचे वर्तमानपत्र

मुलांवर संस्कार कसे करावेत, या विषयावर हल्ली पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. व्याख्याने होतात, शिबिरे भरतात, पुस्तके निघतात. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. वडिलांच्या नोकरीमुळे कोलकात्यात स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातला, इतिहासाची थोडीफार आवड असलेला माणूस आहे. त्यामुळे स्मरणिकेसाठी ‘आईवडिलांचे संस्कार’ या विषयावर लिहायचे ठरवले, तेव्हा माझी पावले साहजिकच इतिहासाच्या वाटेने वळली. त्या वाटेवरचे ठिकाण आपल्याच शहरातले आहे. ते म्हणजे उत्तर कोलकात्यातील बागबाजार.

बागबाजार म्हटले की कुणाला गंगेचा घाट आठवतो, कुणाला नवीनचंद्र दास यांचा १८६८ सालचा रसगुल्ला, तर कुणाला शंभर वर्षांहून जुना सार्वजनिक दुर्गोत्सव. पण याच भागात एका गल्लीची पाटी वाचून मराठी माणूस हमखास थबकतो. त्या गल्लीचे नाव ‘मराठा डिच लेन’. डिच म्हणजे खंदक. हा खंदक मराठ्यांनी खणलेला नाही, मराठ्यांच्या भीतीने खणलेला आहे!

खंदक आणि अंगाई

नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकर यांच्या नेतृत्वाखाली १७४२ साली बंगालात उतरल्या. बंगाली लोक त्यांना ‘भास्कर पंडित’ म्हणून ओळखतात. त्याच वर्षी कोलकात्याच्या रहिवाशांनी, कंपनी सरकारच्या संमतीने, शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याची सुरुवात उत्तरेकडे, बागबाजारच्या बाजूने झाली. सुमारे सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाले आणि काम थांबले, कारण मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. पुढे १७९९ साली खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला.

कोलकाता वाचले, पण पश्चिम बंगालची खेडी वाचली नाहीत. १७४४ साली नवाब अलीवर्दीखानाने भेटीला बोलावून भास्कररामांना दग्याने मारले, तरी स्वाऱ्या चालूच राहिल्या. १७५१ च्या तहापर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, हा प्रदेश होरपळत होता. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच सुमारास ‘महाराष्ट्र पुराण’ नावाचे काव्य लिहिले. जाळलेली गावे, लुटलेली घरे आणि जीव घेऊन पळणारी माणसे त्यात आहेत. आपल्याकडचा ‘बारगीर’ म्हणजे सरकारी घोड्यावर स्वार होणारा शिपाई. बंगालीत त्याचा ‘बर्गी’ झाला. आणि बंगालची आई मुलाला झोपवताना गाऊ लागली ती अंगाई बर्गींच्या भीतीची! अडीचशेहून अधिक वर्षे झाली, तरी ती अंगाई बंगाली घरांतून गेलेली नाही.

माझी मुलगी शाळेत होती, तेव्हा शेजारच्या मासीमा त्यांच्या नातवाला हेच गाणे म्हणून थोपटत असत. मासीमांचा आमच्यावर फार जीव. एक दिवस मुलगी घरी येऊन विचारू लागली, “बाबा, मासीमांच्या गाण्यातले बर्गी म्हणजे आपणच का?” या प्रश्नाला उत्तर काय द्यायचे? “छे छे, ती सगळी थाप आहे,” म्हणायचे? की “लढाईत असे चालायचेच,” म्हणून विषय संपवायचा? मी तिला म्हणालो, “हो, ते आपल्याच मुलखातले लोक होते. त्यांनी इथल्या गरिबांना फार त्रास दिला. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. पुढची गोष्टही सांगतो.” ती पुढची गोष्ट बागबाजारातच घडलेली आहे, आणि तिची सुरुवात एका आईच्या नावाने होते.

अमृतमयीचे मुलगे

जेसोर जिल्ह्यातील (हा भाग आता बांगलादेशात आहे) पलुआ-मागुरा या गावी हरिनारायण घोष नावाचे सुखवस्तू गृहस्थ राहत. त्यांच्या पत्नीचे नाव अमृतमयी. त्यांचे मुलगे वसंतकुमार, हेमंतकुमार, शिशिरकुमार, मोतीलाल आणि त्यांची इतर भावंडे एकत्र कुटुंबात वाढली. मोठी झाल्यावर या भावांनी गावात बाजार वसवला आणि त्याला आईचे नाव दिले, ‘अमृतबाजार’. हळूहळू गावाचे जुने नाव मागे पडले आणि गावच अमृतबाजार म्हणून ओळखले जाऊ लागले.

आईच्या नावाने घर बांधणारे पुष्कळ असतात. या भावांचे वेगळेपण पुढेच आहे. त्या काळी जेसोर आणि नदिया जिल्ह्यांत निळीच्या गोऱ्या मळेवाल्यांचा जुलूम होता. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत भाताऐवजी नीळ पेरायची, भाव मळेवाला सांगेल तो, आणि नकार दिला तर मारझोड नि कोंडून ठेवणे. १८५९-६० साली शेतकरी या जुलमाविरुद्ध उठले, तेव्हा विशीतले शिशिरकुमार गावोगाव फिरून माहिती जमवीत आणि कोलकात्याच्या ‘हिंदू पेट्रिअट’ पत्राकडे पाठवीत.

पुढे या भावांनी स्वतःचेच पत्र काढले. अवघ्या बत्तीस रुपयांना एक जुनापुराणा लाकडी छापखाना विकत घेतला. शिशिरकुमार खिळे जुळवण्याचे काम स्वतः शिकले. संपादक तेच, जुळारीही तेच! २० फेब्रुवारी १८६८ रोजी त्या लहानशा गावातून बंगाली साप्ताहिक निघाले, ‘अमृतबाजार पत्रिका’. कोलकात्यासारख्या राजधानीत नव्हे, तर खेड्यात निघालेल्या या पत्राच्या माथ्यावर गावाचे नाव होते आणि गावाच्या नावात आईचे.

मला या गोष्टीत संस्काराचे मर्म दिसते. ज्या कागदावर आईचे नाव छापायचे, त्या कागदावर लाचारीचा मजकूर कसा छापणार? आपल्या पुष्कळ घरांतून दारावर ‘मातृछाया’, ‘आईचा आशीर्वाद’ अशा पाट्या असतात. पाटी लावणे सोपे असते. पाटीच्या आत राहणाऱ्याने त्या नावाला शोभेल असे रोज वागणे, हे अवघड.

एका आठवड्यात बदललेली भाषा

१८७१ साली गावात रोगाची साथ आली आणि घोष कुटुंब पत्रासह कोलकात्यास आले. पुढे बागबाजारातील आनंद चॅटर्जी लेन हा पत्रिकेचा कायमचा पत्ता झाला. तोपर्यंत पत्रात बंगालीबरोबर इंग्रजी मजकूरही येऊ लागला होता आणि सरकारला ते बोचू लागले होते.

त्या वेळचे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर ॲशली ईडन यांची एक गोष्ट सांगतात. त्यांनी शिशिरबाबूंना बोलावून घेतले आणि सुचवले की मी, तुम्ही आणि ‘हिंदू पेट्रिअट’चे क्रिस्टोदास पाल असे तिघे मिळून हा प्रांत चालवू, फक्त सरकारविषयीचे लेख आधी मला दाखवत जा. शिशिरबाबूंनी नम्रपणे उत्तर दिले की, या देशात निदान एक तरी प्रामाणिक पत्रकार असायला हवा ना!

यानंतर १४ मार्च १८७८ रोजी देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा झाला. तो इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. अवघ्या एका आठवड्यात, २१ मार्चला, ‘अमृतबाजार पत्रिका’ संपूर्ण इंग्रजीत निघाली! कायदा हात चोळत बसला. भाषा बदलली, पण नाव तेच राहिले आणि बाणाही तोच. १८८९ साली काश्मीरसंबंधीचा सरकारचा एक गुप्त कागद छापून पत्रिकेने खळबळ उडवली. १८९१ साली ती दैनिक झाली.

पोरका बळवंत आणि शिशिरबाबू

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १८८१ साली पुण्यात ‘केसरी’ निघाला. वृत्तपत्र कसे चालवावे, याचा नमुना म्हणून आमच्यापुढे ‘अमृतबाजार पत्रिका’ होती, हे लोकमान्य टिळकांनी पुढे कोलकात्यात जाहीर सभेत सांगितले.

टिळकांचे वडील गंगाधरपंत हे शाळामास्तर. संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांत पारंगत. मुलाला संस्कृत श्लोक आणि गणिताची शिस्त या दोन गोष्टी त्यांनीच लावल्या. पण आई पार्वतीबाई १८६६ साली गेल्या, तेव्हा बाळ दहा वर्षांचा होता. १८७२ साली वडीलही गेले, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. म्हणजे ज्या वयात मुलाला वडिलधाऱ्यांची खरी गरज असते, त्या वयात टिळक पोरके झाले. हे लक्षात घेतले म्हणजे शिशिरबाबूंच्या निधनानंतर टिळकांनी काढलेल्या उद्गारांचा अर्थ कळतो. शिशिरबाबूंच्या पायाशी बसून मी शिकलो, त्यांना मी वडिलांच्या ठिकाणी मानले आणि त्यांनीही माझ्यावर मुलासारखे प्रेम केले, अशा आशयाचे ते बोलले होते. दोघांच्या वयात सोळा वर्षांचे अंतर, आणि पुणे-कोलकात्यातले अंतर तर विचारूच नका.

हे नाते नुसते शब्दांचे नव्हते. जुलै १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटक झाली. मुंबईत त्यांच्या बाजूने उभे राहायला कुणी नामांकित बॅरिस्टर मिळेना. तेव्हा कोलकात्यात वर्गणी जमली आणि तिथून प्यू आणि गार्थ हे दोन इंग्रज बॅरिस्टर मुंबईला रवाना झाले. या खटपटीत बागबाजारचे घोष बंधू पुढे होते. रवींद्रनाथ ठाकूरही या निधीसाठी झटले होते.

वाचकहो, क्षणभर थांबून विचार करा. ज्या बागबाजारात मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला गेला, जिथल्या आया बर्गींचे नाव घेऊन मुले निजवत, त्याच बागबाजाराने दीडशे वर्षांनी एका मराठी माणसाला वाचवण्यासाठी पदरचे पैसे पाठवले!

खटला चालू असताना माफी मागून मोकळे व्हा, असा सल्ला टिळकांना मिळत होता. त्यावरचे मन त्यांनी मोकळे केले ते मोतीलाल घोषांना लिहिलेल्या पत्रात. लोकांमधले माझे स्थान केवळ माझ्या चारित्र्यावर उभे आहे. घाबरून मान तुकवली तर महाराष्ट्रात राहणे आणि अंदमानात राहणे सारखेच, असा त्याचा मथितार्थ होता. सप्टेंबरमध्ये सहा युरोपियन ज्युरर विरुद्ध आणि तीन हिंदी ज्युरर बाजूने असा कौल होऊन टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. मनातली अशी गोष्ट माणूस घरच्यांनाच लिहितो.

आत्याने घडवलेला मुलगा

मुलाला घडवायला जन्मदात्रीच लागते असे नाही. सखाराम गणेश देउस्कर हे नाव आपल्या मंडळातील जुन्या लोकांना माहीत असेल. देवघरजवळच्या करौं गावी १८६९ साली एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाचव्या वर्षीच आई गेली. सांभाळ केला विधवा आत्याने. ती मराठी साहित्याची चांगली जाणकार होती. बंगाली वातावरणात राहून तिने भाच्याला मराठीची गोडी लावली.

हाच मुलगा पुढे कोलकात्यात ‘हितवादी’ पत्राचा संपादक झाला. बंगालात शिवाजी उत्सव सुरू करण्यात त्यांचाच पुढाकार होता, आणि त्यांच्याच पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी १९०४ साली ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. बर्गींची आठवण ताजी असलेल्या बंगालात शिवाजी महाराजांविषयी आदर निर्माण करणे ही सोपी गोष्ट नव्हती. त्याच वर्षी देउस्करांचे ‘देशेर कथा’ हे बंगाली पुस्तक निघाले. इंग्रजी राजवटीत देश कसा नागवला गेला, हे त्यात आकडेवारीने मांडले होते. १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. सुरत काँग्रेसनंतर टिळकांविरुद्ध लिहा, असा मालकांचा आग्रह झाला, तेव्हा देउस्करांनी ‘हितवादी’ची नोकरी सोडली. घरात मराठी, लेखणीत बंगाली आणि दोन्हींशी इमान, हा वारसा त्या आत्याबाईंचा म्हणायला हवा.

बोसपाडा लेनमधील झाडू

पत्रिकेच्या कचेरीपासून थोड्याच अंतरावर, बोसपाडा लेनमध्ये, आणखी एक घर आहे. भगिनी निवेदितांनी १३ नोव्हेंबर १८९८ रोजी मुलींची शाळा सुरू केली ती तिथेच. त्यांचे मूळ नाव मार्गारेट नोबल, जन्म आयर्लंडचा. वडील सॅम्युअल नोबल हे धर्मोपदेशक. गोरगरिबांच्या घरी जाताना ते लहानग्या मार्गारेटला बरोबर नेत. १८७७ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते वारले. मरताना त्यांनी पत्नीला सांगून ठेवले होते की, हिला एक दिवस मोठ्या कामाची हाक येईल, तेव्हा हिला अडवू नकोस. आणि त्या माउलीने खरोखरच अडवले नाही.

१८९९ साली कोलकात्यात प्लेगची साथ आली, तेव्हा या बाईंनी हातात झाडू घेऊन बागबाजारातील गल्ली झाडायला सुरुवात केली. ते पाहून पाड्यातले तरुण लाजले आणि त्यांनी झाडू हाती घेतले. निवेदितांनी त्यांना स्वच्छतेवर व्याख्यान दिले नव्हते. गोरगरिबांच्या दारी जाणारे वडील लहानपणी त्यांनी पाहिले होते, बागबाजारच्या मुलांनी त्यांना पाहिले. संस्कार असाच एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

दोन्ही बाजू सांगाव्यात

आदर्श म्हटले की आपण त्यांना देव्हाऱ्यात बसवतो. पण आदर्श हीसुद्धा माणसेच असतात. १८९१ साली विवाहित मुलींच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा आला, तेव्हा ‘पत्रिका’ आणि ‘केसरी’ दोघांनीही त्याला विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा होता. पण प्रश्न दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या जिवाचा होता, आणि आज कुठलीही आई त्या विरोधाच्या बाजूने उभी राहणार नाही. हेही मुलांना सांगायला हवे. त्याने शिशिरबाबू आणि लोकमान्य लहान होत नाहीत. उलट, वारसा हा डोळे मिटून घ्यायचा नसतो, पाखडून घ्यायचा असतो, हे मुलांना कळते. आपल्या आज्या जात्यावर बसण्यापूर्वी धान्य पाखडत, निवडत. तसेच हे आहे.

बर्गींचेही तसेच. आपल्या पूर्वजांनी अटकेपार झेंडे लावले हे आपण अभिमानाने सांगतो. बंगालची खेडी जाळली हेही त्याच तोंडाने सांगता आले पाहिजे. चांगले तेवढे आमचे आणि वाईट ते कुणाचे तरी, असे मुलांना शिकवले, तर ती पुढे स्वतःच्या चुकांबाबतही तेच करतील. खरे बोलावे, ही शिकवण मुलाला ‘खरे बोल’ असे शंभरदा सांगून मिळत नाही. अडचणीचा प्रश्न आला असताना आईबाप काय बोलतात, त्यावरून ती मिळते.

शिशिरबाबू १९११ साली गेले, मोतीबाबू १९२२ साली. शिशिरबाबूंचे चिरंजीव तुषारकांती घोष यांनी पुढे कित्येक दशके पत्रिका सांभाळली. १९३५ साली न्यायालयाच्या बेअदबीबद्दल त्यांनाही तुरुंगवास घडला. माझे वडील कचेरीतून आल्यावर चहा घेत हीच पत्रिका वाचत, आणि इंग्रजीचे पहिले धडे मी तिच्या मथळ्यांवरूनच गिरवले. १९९१ साली पत्रिका बंद पडली. सव्वाशे वर्षांच्या या पत्राचा शेवट पाहून जुन्या वाचकांना हळहळ वाटली. पण जेसोरकडच्या त्या गावाचे नाव आजही अमृतबाजारच आहे. जमीनजुमला, छापखाना, वर्तमानपत्र सारे काळाच्या ओघात गेले, देशाची सीमाही बदलली. आईचे नाव मात्र राहिले!

आपण मराठी माणसे पोटापाण्यासाठी इतक्या दूर आलो. आपली मुले उद्या आणखी दूर जातील. कुणी बंगळूरला, कुणी परदेशी. त्यांच्या सामानात आपण लाडू-चकल्या बांधून देऊ, गणपतीची छोटी मूर्ती देऊ, जमल्यास चार मराठी पुस्तकेही देऊ. पण त्यांच्याबरोबर खरोखर जाईल ते त्यांनी आपल्या घरात पाहिलेले वागणे. दारावरचा माणूस, कामवाली मासी, शेजारचा बंगाली दादा यांच्याशी आपण कसे बोललो. चुकीच्या फायद्याला नाही म्हणालो की हळूच हो म्हणालो. आणि आपल्याच माणसांची चूक आपल्याच तोंडाने कबूल केली की झाकली. मुले हे सगळे पाहत असतात, आणि आपल्याला वाटते त्याहून लहान वयापासून पाहत असतात.

अमृतमयी देवींच्या मुलांनी आईचे नाव रोज हजारो लोकांच्या हाती दिले आणि ते नाव खाली पडू दिले नाही. आपली मुले आपले नाव कुठे छापणार नाहीत कदाचित. पण ती जिथे जातील तिथे त्यांच्या वागण्यातून लोक आपल्याला वाचतील. तो मजकूर चांगला असावा, एवढी बुद्धी श्रीगजाननाने आपणा सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.